करवतीचं दुसरं टोक

आमच्या आबांना सगळं गाव मेजर म्हणायचं. पलटणीतून पेन्शनवर आलेल्या कुठल्याही माणसाला शिराळ्याच्या बाजूला मेजरच म्हणतात, तिकडं तो कोण का असेना. आबा तिकडं नायक होते आणि नोकरीतला बराच काळ त्यांनी लंगरखान्यासाठी लाकडं पाडण्यात आणि फोडण्यात काढला होता, हे मला आईनं सांगितलं. आबांच्या तोंडून मी फक्त बर्फ आणि बंदुका ऐकल्या. घरात कारभार मात्र सगळा पलटणीचा. अंथरुणाची घडी चौकोनी पाहिजे, चहाचा पेला उजव्या हाताला पाहिजे, आणि म्हैस लाथ मारायला लागली तर तिलाही आबा आधी 'सावधान' म्हणायचे. म्हैस ऐकायची नाही. आम्ही ऐकायचो, कारण आम्हाला लाथ मारायची सोय नव्हती. गावी आल्यावर हुकूम सोडायला माणसं कमी पडली म्हणून असेल, आबांनी झाडं पाडायचा धंदा धरला. नाक्यावर दस्तगीरचाचांची लाकडाची वखार होती. चाचा सौदा जमवायचे, आबा झाड पाडायचे, आणि दोघं मिळून संध्याकाळी वखारीत चहा पीत सरकार कसं चालवावं ते ठरवायचे.

मोठं झाड कापायची करवत दोन टोकांची असते, माणसाएवढी लांब. एका टोकाला आबा. दुसऱ्या टोकाला माझा भाऊ गौतम, म्हणजे असायला हवा होता. गौतमनं एक बाभळ आणि अर्धा शिरस एवढं काम केलं, तळहाताचे फोड घरोघर दाखवून आला, आणि सांगलीच्या आयटीआयला वेल्डिंग शिकायला निघून गेला. त्यात भविष्य आहे म्हणाला. पहिल्याच सुट्टीला आला तो डोळे सुजवून. काच तोंडासमोर न धरता ठिणगीकडं बघत राहिला होता. आईनं रात्रभर त्याच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. दुसऱ्या सुट्टीत त्यानं आमच्या अंगणाचं लोखंडी फाटक जोडून दिलं, ते इतकं पक्कं जोडलं की पुढं कधी उघडलं नाही. आम्ही कुंपणाच्या फटीतून ये-जा करू लागलो. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फाटक दाखवून म्हणायचे, "पोरानं केलंय. हलवून बघा, हलतंय का?"

तर करवतीचं दुसरं टोक रिकामं पडलं. मी दहावीला इंग्रजीत नापास होऊन घरात होते. आबा एकदा सकाळी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सुजे, खाली काय बसलीस? धर हे." आई आतनं म्हणाली, "आवं, पोरीची जात." आबा म्हणाले, "करवतीला जात नसती." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढं वर्षभर ते त्यांनी सगळ्या गावाला ऐकवलं.

शिकवायची त्यांची पद्धत पलटणीचीच. पहिला हुकूम, झाडाला हात लावायच्या आधी पळायची वाट साफ करायची. दगड, काट्या, चपला, डबा, सगळं बाजूला. झाड ज्या बाजूला पडणार त्याच्या तिरकं मागं पळायचं, सरळ मागं नाही, कारण बुंधा उसळून मागं येतो. पुढं लग्न होऊन सासरी गेले तेव्हाही मी आधी मागचं दार कुठं आहे ते बघून घेतलं होतं. दुसरा हुकूम, झाडाभोवती फिरून बघायचं. त्याचा कल कुठं, वजनदार फांद्या कुठल्या अंगाला, बुंधा पोकळ आहे का. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठोकायचं आणि कान लावायचा. मग ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला कुऱ्हाडीनं खाच घ्यायची, आणि विरुद्ध अंगानं करवत लावायची. करवत आत गेली की तिच्यामागं लाकडाची पाचर ठोकायची, म्हणजे झाड मागं बसून करवत चावत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, करवत ढकलायची नाही. आपण फक्त ओढायचं. ढकलायचा मोह झाला की पातं वाकतं आणि समोरच्याचा खांदा जातो. हे सांगायला सोपं आहे. पहिले काही दिवस मी ढकलतच होते आणि आबा समोरून, "ढकलू नको! तुझं काम ओढायचं! ढकलायला मी काय गाडी हाय?" म्हणून ओरडत होते. एकदा हात बसला आणि करवत आपली आपण जा-ये करू लागली. ओल्या लाकडाचा भुसा पायावर पडायला लागला. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की दहावी पास झाल्यावरही पुढं तेवढा झाला नाही.

आता सांगलीत आमच्या सोसायटीत झाडाच्या फांद्या तोडायला पोरं पेट्रोलची करवत घेऊन येतात. कानात गाणी, खाली कुणाची गाडी आहे त्याचा पत्ता नाही. मी गॅलरीतून ओरडते. ती म्हणतात, "काकू, आत जावा, लागंल." मी आत जाते. गुडघे बोलायला लागलेत, नाहीतर खाली उतरून दाखवलं असतं.

माझ्या या शिक्षणाचा फायदा पहिल्यांदा मला बघायला पाहुणे आले तेव्हा झाला. पाहुणे खंडाळ्याकडचे, मुलगा कंपनीत. मुलाच्या मामांनी पोह्यांचा बकाणा भरून विचारलं, "मुलीला काय काय येतंय?" आई 'स्वैपाक, शिवण' म्हणायला तोंड उघडती न उघडती तोच आबा म्हणाले, "बाभळ, लिंब, शिरस. चिंच अजून शिकतीया." मामा म्हणाले, "म्हणजे लोणची?" आबांनी माझा हात धरून तळवा त्यांच्यापुढं केला आणि घट्टे मोजायला लावले. पाहुणे चहाला थांबले नाहीत. फाटक उघडेना म्हणून कुंपणातून जाताना मामांचं धोतर काट्याला अडकलं, ते सोडवायलाही मलाच जावं लागलं.

आता पंचमीबद्दल सांगते. शिराळ्याची नागपंचमी म्हणजे आमच्याकडं वर्षाचा सण. त्या दिवशी गावातले बापये झाडून सगळे मिरवणूक बघायला शिराळ्याला, आणि माहेरवाशिणी झोक्यावर. पाळायच्या गोष्टी फार. चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, खणायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. बाया आदल्या दिवशी भावाचा उपवास धरतात, आणि पंचमीला बाईनं काही कापलं तर ते तिच्या भावाला भोवतं म्हणतात. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात यातलं काही नाही. देव नाहीत, उपास नाहीत. आबा तर याबाबतीत कडक. पंचमीला मुद्दाम अंगणात बसून लाकूड फोडायचे, आवाज वरच्या आळीपर्यंत जावा म्हणून.

आणि आमची आई? आई आदल्या दिवशी पोट दुखतंय म्हणून जेवायची नाही. पंचमीला आमच्या घरात नेमके पुरणाचे दिंड उकडलेले असायचे, कारण 'हरभऱ्याची डाळ उगंच भिजून पडलीया'. भाकरी शिळी, कारण 'सरपण ओलं हाय'. लाकूडतोड्याचं घर, परसात माणूसभर उंच रास, आणि सरपण ओलं! दर वर्षी, त्याच दिवशी. आबा हळदीच्या पानावरचे गरम दिंड तुपात बुडवून खायचे, आणखी मागायचे, आणि खाता खाता लोकांच्या अंधश्रद्धेवर बोलायचे. मला कळत होतं. मी गप्प बसायचे, कारण दिंड मलाही आवडायचे. आईचा एक भाऊ लहानपणी पान लागून, म्हणजे साप चावून गेला होता, शेतात, तिच्या डोळ्यांदेखत. राहिलेला एक, आमचा मामा, कवठे महांकाळला असतो. दीक्षेनं देव गेले होते, पण आईची ती भीती गेली नव्हती.

ज्या पंचमीची गोष्ट सांगायची आहे तिच्या आठवडाभर आधी टीव्हीला मुंग्या आल्या म्हणून आबा अँटेना फिरवायला कौलावर चढले आणि खाली आले. जन्मभर झाडावरून कधी पडले नाहीत. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. दस्तगीरचाचा टेम्पोत गाव भरून शिराळ्याला गेलेले. गावात उरलो आम्ही बाया, म्हातारे, आणि सरपंच तात्या. तात्यांच्या सुनेला दोनच दिवसांपूर्वी मुलगा झाला होता, म्हणून ते घरी. बाळंतपण आमच्या आईनंच केलं होतं. वरच्या आळीची निम्मी पोरं तिच्याच हातावर आली. पहिला हात तिचा चालायचा. त्यानंतर तिला प्यायला पाणी मात्र वरून, ओंजळीत.

तात्यांच्या घरापुढं जुना लिंब होता, त्याला पार. उन्हाळ्यात पंचायतीनं पाराचं सुशोभीकरण केलं. म्हणजे रस्त्याकडच्या अंगाची मुळं पहारीनं तोडली, सिमेंट ओतलं, गुळगुळीत फरशी बसवली आणि तात्यांच्या नावाची पाटी लावली. आबा तेव्हाच म्हणाले होते, "झाडाचं पाय तोडून त्येला बूट घातला." आषाढभर पाऊस. पंचमीला त्याच लिंबाला झोका बांधलेला. दुपारी पोरी उभ्यानं झोके घेत होत्या, मी बाजूला नंबर लावून उभी होते, आणि कर्रकन आवाज आला. झोक्याचा नव्हे, खालून. मी बघते तर पाराची फरशी मधोमध दुभंगलेली, रस्त्याकडची माती उचललेली, आणि सगळं झाड तात्यांच्या घराकडं कललेलं. बरोबर बाळंतिणीच्या खोलीवर.

मी पोरींना खाली उतरवलं आणि आबांना बोलावून आणलं. आबांनी झाडाभोवती फेरी मारली, डाव्या हातानं बुंधा ठोकला, आणि म्हणाले, "तात्या, दिस मावळायच्या आत ह्ये झाड तुमच्या घरात येतंय. आधी सुनंला भायेर काढा."

तात्यांची आई जिजी उंबऱ्यात उभी होती. "पाचवीच्या आत बाळंतीण उंबरा वलांडत न्हाई."

"आवं जिजी, झाड पडंल!"

"पडू दे. सटवाईचा कोप व्हण्यापरीस झाड पडल्यालं बरं."

"मग झाड पाडूया," आबा म्हणाले.

देवळाचे गुरव पुढं आले. "आज? पंचमीला? मेजर, आज गवताची काडी मोडत न्हाईत." मग त्यांनी थोडा विचार केला आणि निवाडा दिला. तोडणं पाप, पण दोरानं ओढणं पाप नाही. दोर बांधून सगळ्यांनी ओढायला हरकत नाही. फक्त कापणारं कोणीतरी पाहिजे. हळूहळू सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या.

तात्या खाकरले. "मेजर, तुमच्यात कायतर ह्ये पाळत न्हाईत न्हवं?"

आबा म्हणाले, "व्वा! वरीसभर आमी तुमच्यात न्हाई, आन पापाच्या टायमाला बरं आठवलो?" मला वाटलं, आता आबा पाठ फिरवून घरी जातात, आणि खरं सांगते, मला ते आवडलं असतं. पण खोलीतून ते दोन दिवसांचं पोर रडलं. आबांचा चेहरा पडला. मग त्यांनी छाती काढली आणि गावभर ऐकू जाईल असं म्हणाले, "सुजाता! हत्यारं आण!"

मी कुऱ्हाड, पाचरी आणि करवत घेऊन आले तोवर आई आतल्या खोलीतून बाहेर आली होती. बाळंतिणीला शेक देत होती, हाताला अजून धुरी-ओव्याचा वास. तिनं माझ्या हातातली कुऱ्हाड पकडली.

"न्हाई. आज न्हाई."

"आगं, तुला काय झालं?" आबा म्हणाले.

"गौतम एकुलता हाय. तिनं कापलं तर त्येला भोवंल."

"आपल्यात हे न्हाई!"

"तुमच्यात न्हाई," आई म्हणाली. "माज्यात हाय. लगीन होऊन आल्यापसनं हाय."

आबांचं तोंड उघडंच राहिलं. ते एवढंच म्हणाले, "मग ते सरपण…" सगळ्या गावासमोर आई रडत होती, आणि गुरवाच्या तोंडावर समाधान दिसत होतं. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. माझ्या हातात कुऱ्हाड, समोर आबांशिवाय पाडायचं माझं पहिलं झाड, आत एक बाई आणि तिचं मूल, आणि वाटेत आई.

तेवढ्यात लिंब पुन्हा बोलला. वरून दोन कौलं घसरून अंगणात फुटली. आई धावत दारात गेली, "जिजी, सरा, मी पोरीला उचलून आणते," म्हणाली. जिजीनं चौकटीला दोन्ही हात लावले आणि हलली नाही. आई परत आली. पदर खोचला. जमिनीवर पडलेली करवत बघितली, आबांचा प्लास्टरमधला हात बघितला.

"ह्येचं दुसरं टोक कोण धरणार?" तिनं विचारलं.

माणसं पाऊलभर मागं सरली. ओढायला सगळे तयार होते.

"मी धरते," आई म्हणाली. "सगळं एकट्या गौतमवर नको. माजा बी भाऊ हाय की वाटणीला. निम्मं निम्मं हुईल."

मी झाडावर चढले आणि झोक्याचाच दोर सोडून वर उंच बांधला. आबांनी तो चावडीच्या दगडी खांबाला वळसा घालून आणला, म्हणजे ओढणाऱ्या पोरी झाडाखाली येणार नाहीत. पळायची वाट साफ केली. पाराची पाटी वाटेत होती, ती मी तात्यांच्या देखत उपटून बाजूला ठेवली. रस्त्याच्या अंगाला कुऱ्हाडीनं खाच घ्यायला लागले. पहिल्या घावाला आईनं डोळे मिटले आणि मामाचं नाव घेतलं. मग आम्ही घराच्या अंगानं करवत लावली. आई ढकलायला लागली. "आई, ढकलू नको, नुसतं ओढ! तुझं झालं की मी ओढते." ती ऐकेना, पातं वाकायला लागलं. आबा ओरडणार तेवढ्यात मीच ओरडले, "सावधान!" आई दचकून थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि मग ओढायला लागली. तिच्या ओठांचं पुटपुटणं चाललेलं. एका ओढीला गौतम, एका ओढीला मामा. मी पाचरी ठोकत होते, आबा डाव्या हातानं इशारे करत होते, पोरी 'हेऽ रं' म्हणून दोर ताणत होत्या, गुरवबाबा लांबून हात जोडून नागाची माफी मागत होते. पाचर सैल झालेली मला दिसली. "आई, सोड! पळ!" आम्ही तिरकं मागं पळालो. लिंब क्षणभर तसाच उभा राहिला, मग रस्त्याकडं वळला आणि नवीन फरशीवर पाठीवर पडला. घराला फांदीसुद्धा लागली नाही. आत पोर झोपलेलं होतं.

आबा सावधानमध्ये उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मला कळेना मी हसावं की काय करावं. आई सरळ जाऊन त्या आडव्या बुंध्यावर बसली, पाराच्या मधोमध, जिथं आमच्यातलं कोणी बसत नव्हतं. तिला दम लागला होता. जिजी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि नेहमीप्रमाणं वरून धरला. आईनं हात वर केले. तळवे फोडांनी भरलेले, बोटं आखडून मिटलेली, उघडत नव्हती.

"ओंजळ हुईना, जिजी," आई म्हणाली. "तांब्याच द्या."

जिजीनं तिच्या हातांकडं बघितलं, घराकडं बघितलं, आणि तांब्या दिला. आई तोंड लावून घटाघटा प्यायली आणि तांब्या परत पुढं केला. जिजी दोन पावलं मागं सरली. "र्‍हाऊ दे. तुलाच दिला." पुढं बरेच दिवस ती सगळीकडं सांगत होती की सुईणीला पितळी तांब्या बक्षीस दिला.

दुसऱ्या दिवशी आई पहिल्या एसटीनं कवठे महांकाळला गेली. मामा दारात बसून मटणाची वाटणी करत होता. "काय गं, मधीच?" म्हणाला. आई म्हणाली, "काय न्हाई, तुला बघायला आले." तिथून सांगलीला जाऊन गौतमला बघितलं. त्याचे डोळे सुजलेले होते, पण ते काच न धरल्यामुळं. त्यानंतर आमच्या घरात पंचमीला ताजी भाकरी व्हायला लागली. आबांना ती आवडेना. एका पंचमीला ते हळूच म्हणाले, "सरपण ओलं न्हाई का औंदा?"

पुढं पंचायतीच्या निवडणुका आल्या. तात्या दोन्ही हात जोडून आमच्या आळीत आले, मागं दहा-बारा माणसं. कुंपणाच्या फटीतून वाकून आत आले, खाटेवर बसले, माझ्याकडं बघून 'आमची रणरागिणी' म्हणाले. आईनं घरातलं पाणी आणून त्यांच्यापुढं धरलं, त्या तांब्यातनं. तात्यांनी तो ओळखला. मागच्या माणसांनीही ओळखला. सगळे त्यांच्या हाताकडं बघत होते.

"आत्ताच पिऊन आलोय गं," तात्या म्हणाले.

आईनं हात मागं घेतला नाही. "प्या की, तात्या," ती म्हणाली. "तुमच्याच घरातला हाय."